उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय : आखातात जाताना आणि गावी परतताना

सुरंगी

नमस्कार मंडळी.

माझा धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात मस्कतला निघालाय. एका गोदामाच्या डिलिव्हरी गाडीवर चालक म्हणून काम आहे. इथे तो गुहागर-चिपळूण पिकअप चालवतो, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशी मार्केटला जातो. रात्रीचा घाट, धुवाधार पाऊस, समोरच्याने डोळ्यांवर मारलेले लाइट, सगळं बघून झालेलं आहे. पण तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी रस्त्याच्या उजवीकडून, याची मला धास्ती वाटते. तो म्हणतो, "दोन दिवसांत जमेल, त्यात काय?" हे ऐकून काळजी आणखीच वाढते.

आपल्या खाडीपट्ट्यात घरटी एक तरी माणूस आखातात आहे. ज्यांनी तिकडे गाडी चालवली आहे त्यांनी कृपया नीट सांगा. नेमकं चुकायला कुठे होतं? इथे असतानाच काही तयारी करता येते का? आणि परवान्याचं काय, इथला चालतो की परत परीक्षा द्यावी लागते?

चिरेबंदी

सुरंगीताई, मी मूळचा दापोलीकडचा, सध्या मुक्काम मस्कत. आधी परवान्याचं सांगतो, कारण त्यावरून बऱ्याच जणांची गल्लत होते.

आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. पासपोर्ट, व्हिसा आणि चालू परवाना लागतो, फी हजार रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण तो फिरायला जाणाऱ्याच्या कामाचा. नोकरीच्या व्हिसावर राहायला येणाऱ्याला ओमानचा परवाना काढावा लागतो आणि त्याची परीक्षा रॉयल ओमान पोलीस घेतात. ड्रम, चढ आणि रस्ता असे टप्पे असतात. ड्रम म्हणजे उभ्या पिंपांच्या मधल्या जागेत गाडी रिव्हर्स घ्यायची, कुठेही लागता कामा नये. चढावर थांबवलेली गाडी मागे न घसरता पुढे काढायची. घाटात हात बसलेल्याला चढाचं काही वाटत नाही. ड्रमला मात्र मुरलेले चालकही अडकतात, कारण मान वळवायची बाजूच बदललेली असते. इथे आपण डाव्या खांद्यावरून मागे बघतो, तिथे उजव्या.

आता गाडी. पायाखालचं काही बदलत नाही : क्लच डावीकडे, ब्रेक मध्ये, अ‍ॅक्सिलरेटर उजवीकडे. गिअरचा नकाशाही तोच. फक्त पहिला गिअर इथे अंगापासून लांब असतो, तो तिथे गुडघ्याजवळ येतो, आणि काम उजव्या हाताला करावं लागतं. सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो. आतल्या आरशासाठी नजर वर उजवीकडे न्यायची. आपल्याकडच्या बहुतेक जपानी-कोरियन गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, ती तिथे डाव्या हाताला. त्यामुळे वळण आलं की कोरड्या काचेवर वायपर फिरायला लागतो. बघणाऱ्याला गंमत वाटेल, पण मागच्या गाडीला इशारा मिळालेलाच नसतो आणि ती वेगात असते.

हे सगळं हातांचं काम, आठवड्याभरात बसतं. जड जातो तो गाडीच्या रुंदीचा अंदाज. इथे चालवताना गाडीचं सगळं अंग आपल्या डाव्या हाताला असतं, तिथे उजव्या. डोकं जुन्या अंदाजानेच गाडी धरतं आणि गाडी नकळत उजवीकडे सरकत राहते. साईडपट्टीवर, फुटपाथच्या कडेला, उभ्या गाड्यांच्या आरशांवर. नवीन आलेल्यांच्या गाडीवरचे ओरखडे बघा, बहुतेक उजव्या अंगालाच असतात. भावाला सांगा, सुरुवातीला डाव्या आरशात लेनचा पट्टा बघत राहा. आणि एक गोष्ट मनात पक्की बसव : रस्त्याची मधली रेषा नेहमी चालकाच्या दाराकडे, रस्त्याची कड शेजारी बसलेल्याच्या दाराकडे. गाडी त्या देशाच्या रहदारीप्रमाणे बनवलेली असली की स्टिअरिंग उजवीकडे असो की डावीकडे, हे बदलत नाही. "डावं-उजवं" घोकत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

राउंडअबाउटवर नंतर लिहितो, ड्युटीची वेळ झाली.

पाऊसवेडी

चिरेबंदी यांनी रुंदीचं लिहिलंय ते अगदी खरं. मी मालवणची, नोकरीनिमित्त जर्मनीत. इकडेही गाडी उजवीकडूनच.

मला वाटतं चुकायची जागा लोक समजतात तिथे नसते. भर रहदारीत कुणी चुकत नाही. पुढे गाडी असते, तिच्या मागे जायचं असतं, समोरून येणारी रांग दिसत असते. घोटाळा होतो तो मोकळ्या रस्त्यावर. पहाटे पार्किंगमधून बाहेर पडताना. पेट्रोल पंपावरून परत रस्त्याला लागताना. एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होतो तिथे. यू टर्न घेतल्यावर. तेव्हा रस्त्यावर कुणीच नसतं, बाजू दाखवायला काही नसतं, आणि हात आपोआप जुन्या बाजूला जातो. तेव्हा भावाला सांगा, थांबलेली गाडी पुन्हा सुरू करताना दर वेळी मोठ्याने बोल : "उजवी बाजू." शेजारी कुणी असलं तरी लाजायचं नाही.

दुसरं वळणांचं. आपल्याकडे डावं वळण छोटं, कडेकडेने जाणारं, आणि उजवं मोठं, समोरची रहदारी ओलांडून. तिकडे बरोबर उलट. डावीकडे वळताना समोरून सरळ येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि चौक ओलांडून पलीकडच्या रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात शिरायचं. नवखा माणूस हे वळण छोटं करतो आणि थेट समोरच्या गाड्यांसमोर उभा राहतो.

बाकी प्रत्येक देशाचं वेगळं. अमेरिकेत लाल सिग्नलला पूर्ण थांबून, कुणी नसेल तर उजवीकडे वळता येतं, पण न्यूयॉर्क शहरात एरवी तशी मुभा नाही. जर्मनीत लाल असताना उजवीकडे वळायचं तर तिथे हिरव्या बाणाची पाटी लावलेली हवी. आणि जिथे पाटी, सिग्नल काही नाही अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो. म्हणून एका देशात शिकलेलं दुसरीकडे गृहीत धरू नये.

उकडा तांदूळ

चांगला धागा. थोडी भर घालतो.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाची रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. तिथल्या बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंग आधीपासूनच डावीकडे होतं आणि शेजारचे देश उजवीकडून चालवत होते. लोकांना वाटलं अपघातांचा कहर होईल. झालं उलटंच : सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. मग भीड चेपली आणि दोनेक वर्षांत आकडे पुन्हा पूर्वीच्या जागी आले. ताई, तुमच्या भावाने पहिल्या आठवड्याची भीती बाळगू नये. पुढे अंगवळणी पडलंसं वाटायला लागतं ना, तेव्हा जपावं.

सामोआने २००९ मध्ये उलटी उडी घेतली, उजवीकडून डावीकडे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमधल्या स्वस्त गाड्या आणता याव्यात म्हणून. म्यानमारमध्ये १९७० पासून रहदारी उजवीकडून, पण पुष्कळ गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच राहिलं. तिथे ओव्हरटेक करताना चालकाला समोरचं दिसायलाच अडचण.

तेरेखोल

आमच्या हद्दीपलीकडचंही सांगतो. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोव्यात डावीच राहिली, कारण तिन्ही बाजूंनी डावीकडून चालवणारा मुलूख. म्हणून १९६१ नंतर बांद्याहून पलीकडे जाताना बाजू बदलायचा प्रश्न कधी आला नाही.

चिरेबंदी

राहिलेलं राउंडअबाउट. रत्नागिरीच्या मारुती मंदिर सर्कलला आपण घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. इथे उलट दिशेने फिरायचं. शिरताना डावीकडे बघायचं आणि आत फिरणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पहिल्याच फाट्याला उजवीकडे जायचं असेल तर बाहेरची लेन, डावीकडे किंवा मागे फिरायचं असेल तर आतली. आतल्या लेनमधून बाहेर पडताना उजवा आरसा आणि उजवा खांदा दोन्हीकडे नजर हवी. मस्कतच्या आसपास राउंडअबाउट बरीच आहेत, त्यामुळे रस्त्यावरच्या परीक्षेच्या आधी याचा सराव हवाच.

आणि हायवेवर एक. इथे वेगाची लेन सगळ्यात डावीकडची. मुंबई-गोवा हायवेवर ट्रक उजवी लेन धरून बसतात म्हणून आपल्या पोरांना डावीकडून मिळेल तिथून पुढे काढायची सवय लागते. ती सवय इथे मोडावी लागेल. पुढे काढायचं ते डावीकडूनच आणि लगेच परत उजवीकडे यायचं. मागून येणारा ताशी १२० ने येत असतो.

पेजेचा टोप

माझो चुलतो कुवेतसून इलो काय पयले चार दिस गाडयेक हात लावणा नाय. घरात नेमच आसा तसो. स्कूटर पण नाय. शेजारचो झील घेवन फिरवता. जाताना सगळेच शिकवतत, येताना कोण सांगणा नाय.

लाल डबा

पेजेचा टोप, लाखातली गोष्ट बोललात. मी एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात. परदेशात गाडी चालवलेली नाही, पण परदेशात चालवून आलेली मुलं आमच्या वाडीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं बघतोय. सुरंगीताई, तुमचा प्रश्न जाण्याचा आहे, मी येण्याबद्दल लिहिणार आहे. मला जास्त धोका तिथे दिसतो.

जाणारा माणूस नवीन गाडीत बसतो, नवीन देशात असतो, परीक्षा देऊन रस्त्यावर येतो. जागोजाग लेनचे पट्टे, पाट्या, कॅमेरे. घरी येणारा मात्र निर्धास्त असतो. रस्ता आपला, वळणं पाठ, शाळेत याच रस्त्याने गेलेला. आणि आपला रस्ता कसा? वाडीतून हायवेला येणारा, जेमतेम एका गाडीचा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मधे पट्टा नाही, पावसाने साईडपट्टी खाल्लेली. अशा रस्त्यावर प्रत्येक जण मधूनच चालवतो. मी मघापासून चिरेबंदींचं वाचतोय की मधली रेषा चालकाच्या दाराकडे. अगदी योग्य. पण आपल्याकडे रेषाच नसते, धरणार काय? बाजू ठरते ती समोरून वाहन आल्यावर, एका क्षणात. त्या क्षणाला विचार नसतो, हाताची सवय असते. इथला माणूस डावीकडे दाबतो. आखातातून कालच आलेला उजवीकडे दाबतो. दोघेही एकाच गडग्याकडे येतात.

हे माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. शेजारचा मुलगा दोहाहून शिमग्याला आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या स्कूटरवर मला मागे बसवून बाजारात निघाला. देवळाच्या पुढे एक वळण आहे, फणसाचं झाड रस्त्यावर झुकलेलं, पलीकडचं काही दिसत नाही. समोरून एसटी आली. त्याने सरळ उजवीकडे घातली, म्हणजे एसटीच्या पुढ्यात. मी मागून ओरडलो, "डावीकडे, डावीकडे!" एसटीच्या चालकाने हॉर्न मारून जागेवर ब्रेक लावला. स्कूटर बंपरपासून दोन हातांवर उभी राहिली. मुलगा पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, "काका, मला ती बरोबरच बाजू वाटली." वेगात नव्हता, प्यालेला नव्हता, मोबाइल हातात नव्हता. तिकडे वर्षानुवर्षं एकही दंड न झालेला चालक आहे तो.

स्कूटरचं मुद्दाम सांगतो. कारमध्ये बसलं की निदान स्टिअरिंग उजवीकडे दिसतं, गिअर डाव्या हाताला येतो, गाडी स्वतःच आठवण करून देते की आपण भारतात आहोत. दुचाकीला डावं-उजवं काही नाही. हँडल जगात सगळीकडे सारखंच. आणि आपल्याकडे घरी आलेला माणूस आधी हात घालतो तो स्कूटरलाच. मासळी आणायला, नारळ सोलून घ्यायला, मित्राकडे. हेल्मेटशिवाय, कारण "इथल्या इथे."

दुसरी वेळ म्हणजे विमानतळावरून थेट गाडी काढणं. रात्री मुंबईला उतरायचं, भावाची गाडी घ्यायची आणि सकाळी घरी पोचायचं म्हणून स्वतःच चालवत सुटायचं. झोप झालेली नसते, गप्पांत लक्ष असतं, आणि हायवेचं काम चालू असलं की डायव्हर्जन येतं. डायव्हर्जन संपून परत दुपदरीवर येताना कुठली बाजू? पाऊसवेडी यांनी एकेरी रस्ता संपल्यावरचं जे लिहिलंय तेच इथे, फक्त काळोखात आणि समोरून ट्रक. माझं मत स्पष्ट आहे : त्या रात्री आलेल्याने चालवू नये. आणायला जाणाऱ्याने चालवावं, नाहीतर कोकणकन्या पकडून झोपून यावं.

पाऊसवेडी

लाल डबा काका, वाचताना अंगावर काटा आला. स्कूटरचं माझ्या कधीच डोक्यात आलं नव्हतं. पुढच्या वेळी घरी आले की आधी सांगून ठेवणार.

उकडा तांदूळ

काका, मग किती दिवस थांबावं म्हणता? आणि थांबणं जमत नसेल तर? काही जण पंधरा दिवसांच्या रजेवर येतात, घरात दुसरं कुणी चालवणारं नसतं, आईला दवाखान्यात न्यायचं असतं.

लाल डबा

दिवस ठरवून सांगता येणार नाही, माणसागणिक वेगळं. चालवणं भागच असेल तर पहिल्यांदा दिवसाउजेडी, मधे पट्टा असलेल्या रस्त्यावर, शेजारी इथला चालवणारा बसवून. शेजाऱ्याचं काम एकच : समोर वाहन दिसलं की "डावीकडे" म्हणायचं, पंप किंवा दुकानातून निघताना परत म्हणायचं. वाडीचा अरुंद रस्ता सगळ्यात शेवटी. आंधळ्या वळणाला समोर काही दिसायच्या आधीच गाडी डाव्या गडग्याला लावून घ्यायची आणि हॉर्न द्यायचा. म्हणजे ऐन वेळी बाजू ठरवायची वेळच येत नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहेच, उतरताना डावीकडे थांबून ती द्या.

पायी चालणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं. मी मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा रस्ता ओलांडताना माझी मान आधी उजवीकडे जायची, तिथे गाडी येते डावीकडून. बसचं दारही उजव्या बाजूला, त्यामुळे थांबा पलीकडच्या बाजूला शोधावा लागतो. नातवंडांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांना मुलांनी हे पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवावं.

बंदरावरची

एक शंका. माझी बहीण कॅलिफोर्नियात असते. तिचा इथला परवाना संपून दोन वर्षं झाली. गणपतीला येईल तेव्हा तिकडच्या परवान्यावर इथे गाडी चालवली तर चालेल का?

चिरेबंदी

नुसत्या तिकडच्या परवान्यावर नको. निघण्यापूर्वी तिकडून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घ्यायला सांगा आणि मूळ परवाना सोबत ठेवायचा. गाडीच्या विम्यासाठीही हे लागतं, अपघात झाला तर पहिला प्रश्न परवान्याचाच येतो. इथल्या परवान्याचं नूतनीकरण संपण्याआधी एक वर्ष किंवा संपल्यावर एक वर्ष, एवढ्याच मुदतीत परीक्षेशिवाय होतं. तिची मुदत उलटून गेली आहे, म्हणजे परत चाचणी द्यावी लागेल. सुरंगीताई, भावाचाही परवाना तपासा. तो तिकडे असताना संपणार असेल तर निघण्यापूर्वीच नूतनीकरण करता येतं का बघा.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर हा धागा भावाला मोठ्याने वाचून दाखवला. ड्रमचं ऐकून त्याने लगेच अंगणात पाण्याची पिंपं मांडली आणि आज सकाळी उजव्या खांद्यावरून बघत पिकअप मागे घ्यायचा प्रयत्न चालला होता. स्टिअरिंग उजवीकडे असताना त्या खांद्यावरून जेमतेम खिडकी दिसते, हे त्याचं त्यालाच कळलं. मग म्हणाला, तिकडे गेल्यावर शिकवणाऱ्याची गाडी लावून पैसे भरून शिकेन, घाई करणार नाही. "दोन दिवसांत जमेल" हे परत बोललेला नाही.

परवाना बघितला. पुढच्या पावसाळ्यापर्यंतच आहे. सोमवारी एमएच ०८ च्या, म्हणजे रत्नागिरीच्या आरटीओ ऑफिसला जातोय.

लाल डबा काका, तुमचं लिहिलेलं आईला ऐकवलं. ती म्हणाली, तो रजेवर येईल तेव्हा स्कूटरची चावी तिच्याकडे राहील, आणि पहिल्यांदा बाजारात जाताना शेजारच्या सीटवर ती बसेल. तिला गाडी येत नाही, पण "डावीकडे" म्हणता येतं. एवढं पुरेल ना काका, की इथला चालवणाराच लागेल?

लाल डबा

बाजारापर्यंत, दिवसा, कारमधून असेल तर पुरेल. आईने मागे न बसता पुढेच बसावं, म्हणजे समोरचं वळण तिलाही दिसेल. हायवेला मात्र गाडी चालवणारंच माणूस शेजारी हवं. भावाला शुभेच्छा सांगा, आणि रजेवर आला की वाडीच्या रस्त्यावर मी स्वतः शेजारी बसायला येईन. गुहागर मला लांब नाही.